सात कड्यांचा कोयता

एल ग्वादुआल, १४ सप्टेंबर १९५२

प्रिय एलादिओदादा,

नेपोमुसेनो खेचरवाल्याने तुझं पत्र मंगळवारी शाळेतच आणून दिलं. मधल्या सुट्टीत वाचलं, घरी येऊन पुन्हा दोनदा वाचलं. तू तीन कामं सांगितली आहेस. बाबांचा कोयता पुढच्या फेरीला नेपोबरोबर पाठवायचा. मुठीवर चढवायला पितळेची दोन कडी करून घ्यायची, आठवं बाबांचं आणि नववं तुझं. आणि अनीबाल कुठे लपला आहे ते शोधून कळवायचं, म्हणजे नोव्हेंबरात मृतात्म्यांच्या दिवशी तू तेलाच्या विहिरींवरून रजा काढून येशील आणि त्याला संपवशील. मला कुणी काम सांगितलं की ते होईपर्यंत घास उतरत नाही, हे तुला माहीत आहे. पण आज पाच दिवस झाले, मी यातलं एकही केलेलं नाही. त्याचं कारण लिहायला बसले आहे. आधी पाटीवर कच्चं लिहून पाहिलं, कारण एकही शब्द खोटा जायला नको आहे. तू वाचताना मधली पानं सोडू नकोस, एवढंच मागते.

तुला बाबांना मूठमाती द्यायला येता आलं नाही, पोलिसांनी रस्ता अडवला होता. म्हणून जे कानावर आलं तेच तुझ्यापाशी आहे. बाबांनी भर चौकात लिसांद्रोला ठार मारलं, मग ते त्याच्या घरी गेले, आणि तिथे त्याच्या मुलाने, अनीबालने, दाराआडून दगा केला. सगळं गाव असंच सांगतं. आपले लाल पक्षाचे लोक सांगतात, निळ्या पक्षाचेही तसंच सांगतात. अनीबाल स्वतःही तेच सांगतो. मी चौकात होते, त्यानंतरही होते, आणि मला आजवर कुणी विचारलेलं नाही. मास्तरीणबाईंना काय विचारायचं, असं असेल.

आधी कोयत्याचं सांगते. पणजोबांनी तो अठराशे शहात्तरच्या लढाईत नेला आणि चार कडी चढवून आणला. आजोबांनी हजार दिवसांच्या लढाईत तीन चढवली. एक कडं, एक मारलेला माणूस. तू सात वर्षांचा असल्यापासून बाबा तुला अंगणात काठी देऊन वार शिकवायचे आणि दमलास की मांडीवर घेऊन कडी मोजायला लावायचे. मी नन्सच्या शाळेतून पहिल्या सुट्टीला आले, तेव्हा बाबांनी मला वही आणून दिली. म्हणाले, "आपल्या घरात लिहिता येणारी तूच पहिली. सातही जणांची नावं लिही, नाहीतर विसरली जातील." मी खूप अभिमानाने आजीकडे गेले. आजीने पाच नावं सांगितली आणि थांबली. मी मागे लागले तेव्हा म्हणाली, "तुझा आजा सांगायचा, पाचवं कडं कुणा जनरलच्या शिपायाचं. शिपाई कसला? मिठाच्या गोण्या नेणारा खेचरवाला होता. झाडाखाली घोरत पडलेला. त्याच्या टोपीला निळी फीत होती, आणि ती त्याच्या बायकोने उन्हासाठी बांधली होती." सहावं कडं एका मुलीचं होतं. सातव्याचं आजीने सांगितलंच नाही. मी वहीत पाच नावं लिहिली, पाचव्यापुढे 'शिपाई' लिहिलं आणि बाबांना दाखवलं. ते मी आजवर लिहिलेलं पहिलं खोटं. बाबांनी ते पान आल्यागेल्याला दाखवलं.

बाबांची स्वतःची व्यथा तुला ठाऊक आहे. तीन पिढ्यांत बिनकड्याचे ते एकटेच. त्यांच्या तारुण्यात लढाईच झाली नाही, यात त्यांचा काय दोष? पण दुकानात बसलं की कुणीतरी म्हणायचंच, "कुपेर्तिनो, त्या कोयत्याने तू केळीचे घड बरे कापतोस." सगळ्यात जास्त चिडवायचे ते तुझे धर्मबाप लिसांद्रो. बाबाही त्यांना सोडायचे नाहीत. "कोंपाद्रे, तू निळा आहेस म्हणून तुला सोडलंय. नाहीतर तुझ्या पोटाच्या मापाचं कडं घडवायला सगळ्या गावाची भांडी वितळवावी लागतील." तीस वर्षं दोघं हे बोलले आणि हसले. तुझ्या बाप्तिस्म्याला त्यांनी तुला हातावर धरलं, तेव्हापासून दोघं एकमेकांचे 'कोंपाद्रे' झाले, त्यांच्या घराच्या भिंती बाबांनी स्वतः माती तुडवून लिंपल्या. लाल-निळं आपल्याकडे मतदानाच्या दिवशी असायचं, एरवी नाही.

जानेवारीत ते बदललं. ओढ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या सेगुरांच्या घरी पोलीस आणि निळ्यांची टोळी गेली. सहा माणसं मारली. बाबा आणि आणखी तिघांनी ती खेचरांवर घालून खाली आणली. मी शाळेच्या दारात उभी होते. माझ्या पहिलीतली ब्लासिना तिच्या आईच्या मागे आडवी बांधलेली होती, आणि तिचे कान नव्हते. बाबा घरी आले, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि कोयत्याला धार लावायला बसले. कुणीतरी म्हणालं, त्या टोळीत अनीबाल होता. तो नव्हता. त्या दिवशी तो माझ्याकडे त्याच्या पुतण्याचं नाव शाळेत घालायला आला होता, हजेरीपटात त्याच दिवसाची नोंद आहे. मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "कागद काय, कसाही लिहिता येतो." वहीतल्या त्या 'शिपाया'चं त्यांना कुठून कळलं होतं, देव जाणे.

तेव्हापासून बाबा रविवारी चौकात घोंगडी एका खांद्यावर टाकून तिचं टोक मागे लोळवत चालायला लागले. तू लहानपणी पाहिलं आहेस, लोळत्या घोंगडीवर ज्याचा पाय पडला त्याने कोयता उपसायचा. आणि घरच्या बाईने वाकून ते टोक उचललं की आव्हान मोडलं, कुणाचंही नाक कापलं जात नाही. आई होती तोवर तिने हे कितीदा केलं असेल. बाबा चार घोट जास्त घेऊन निघाले की ती मागून जायची, टोक उचलून खांद्यावर टाकायची आणि म्हणायची, "धुवायला मला लागते, तुम्हाला नाही." लोक हसायचे, बाबाही हसायचे. आई गेल्यावर ते काम माझं होतं. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या रविवारी मी त्यांच्या मागे तीन पावलांवर होते. माझ्या शेजारी शाळाखात्याचे साहेब होते, नवीन वर्गखोलीचं बोलत होते. टोक चिखलातून जाताना मला दिसत होतं. मनात आलं, मी आता शाळेची बाई आहे, पुरुषांच्या या खुळासाठी साहेबांसमोर वाकायचं का? दादा, मी तेवढंच मोजलं. समोरून लिसांद्रो आले, खांद्यावर गुळाची ढेप. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, बाबांना त्यांनी आवाजावरून ओळखलं आणि भेटायला पुढे झाले. पाय घोंगडीवर पडला. कुणीतरी म्हणालं, "कुपेर्तिनो, निळा पाय पडला बघ." लिसांद्रोंनी पायाने चाचपलं, हसले आणि म्हणाले, "काय हे कोंपाद्रे, रस्ते झाडायचा मक्ता घेतलास का?" मागच्या वर्षी बाबांनी यावर काहीतरी सणसणीत उत्तर दिलं असतं. मला अजून वेळ होता. वाकायला किती वेळ लागतो? बाबांनी कोयता उपसला. लिसांद्रोंकडे शस्त्र नव्हतं, त्यांनी ढेप पुढे धरली. पहिल्या वाराने ढेप फुटली, दुसरा मानेपाशी खांद्यात खोल गेला, तिसरा ते खाली पडल्यावर. ते एकदाच म्हणाले, "कोंपाद्रे, मी आहे." त्यांना वाटत होतं, बाबांनी त्यांना ओळखलं नाही.

मग मागून आवाज उठले, "बी शिल्लक ठेवू नकोस, पोरगा उद्या तुझ्या दारात येईल." बाबा ओढ्याच्या दिशेने निघाले. तिघे बरोबर निघाले होते, ते ओढ्यापाशीच थांबले. पुढचं तुला गावाने सांगितलं आहे. बाबा दाराशी पोचले, आतून अनीबालने कुऱ्हाडीने त्यांचा हात तोडला, ते उंबऱ्याबाहेर रक्त जाऊन मेले. लिसांद्रोंची बायको एदेल्मिराकाकू पाद्रींसमोर शपथेवर हेच बोलली. अनीबाल डोंगरात पळाला. तो कुठे आहे ते मला माहीत आहे. माझ्या हातून ते लिहिलं जाणार नाही.

कारण अनीबाल तिथे नव्हता. तो दोन कोसांवर उसाच्या घाण्यावर होता, सूर्य कलल्यावर परत आला. मी कॉफीच्या मळ्यातून आडवाटेने धावत बाबांच्या आधी पोचले होते. घरात एदेल्मिराकाकू आणि दोन नातवंडं, एक चार वर्षांचं, एक कडेवरचं. मी दाराला आडणा घातला. बाबा आले. मळ्यातून धावताना त्यांनी मला पाहिलं असावं. म्हणाले, "ओतिलिया, आत आहेस ना? बाहेर ये पोरी, इथे तुझं काम नाही." मी म्हणाले, "बाबा, घरी चला." ते म्हणाले, "येतोच. एवढं उरकतो." आवाज अगदी रोजचा होता, दादा. मग पावलं दूर गेल्यासारखी झाली. दाराशेजारच्या झरोक्यातून हात घातला की आडणा निघतो, हे त्यांना माहीत होतं, ती भिंत त्यांचीच. हात आत आला. मी चुलीपाशी पडलेली कुऱ्हाड उचलली आणि मनगटाच्या वर घातली, पहिल्याने काम झालं नाही म्हणून पुन्हा घातली. बाहेर ते खाली बसले. "अनीबाल," म्हणाले, "अनीबाल, तू आहेस काय रे आत?" मी उत्तर दिलं नाही. मग पाणी मागितलं. मला वाटलं, दार उघडलं की डाव्या हातात कोयता असेल. खरंच वाटलं की मी तसं वाटून घेतलं, हे मी सात आठवडे स्वतःला विचारते आहे. बराच वेळ ते मागत होते. मग थांबले. अनीबालने आल्यावर माझ्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली आणि म्हणाला, "तुमचं नाव यात येणार नाही. माझी पोरं जिवंत आहेत." मी ते मान्य केलं. वहीत 'शिपाई' लिहिणारी मीच, तेव्हाही गप्प बसले. आता तू त्याला शोधत येणार म्हणतोस, म्हणून लिहिते आहे. तू चुकीच्या माणसाला मारशील, आणि आठ जणांनंतर नववाही त्या खेचरवाल्यासारखा झोपेतलाच असेल. उद्या मी पाद्रींकडे जाऊन हेच सांगणार आहे, पण त्याआधी ते तुला कळायला हवं होतं. कोयता या पत्राबरोबर नेपोच्या हाती देते, तो वारसाने तुझा आहे, अडवून ठेवायचा मला हक्क नाही. कडी केलेली नाहीत. तू यायचंच ठरवलंस तर मी शाळेतच असते. शाळा चारला सुटते, आणि लांबची मुलं साडेचारपर्यंत रेंगाळतात. ती गेल्यावर ये.

तुझीच,
ओतिलिया