कोपऱ्यातला अंगठा

ताई,

तुला जाऊन आज दोन महिने झाले. तुझ्या लेकीने हट्ट धरलाय, "मावशी, आईची एक वही कर ना. फोटो चिकटव आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिही." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणाले. रंगीत कागद आणले, पानं आखली, लिहायला जागा सोडली. मग फोटो घेऊन बसले, आणि बघते तो काय, लग्नाच्या फोटोतली ती नटवलेली बाहुली सोडली, तर एकातही तू नाहीस. तू सगळ्यांचे फोटो काढलेस, पण तुझा काढायचं कुणाला सुचलंच नाही.

तू असायचीस ती फक्त कोपऱ्यात. तुझा डावा अंगठा दर वेळी लेन्सवर यायचा. मी तुला "अंगठेबहाद्दर" म्हणून चिडवायचे आणि अल्बमचं पान नीटनेटकं दिसावं म्हणून तेवढी कड कापून टाकायचे. वीस वर्षं कापत आले, ताई. तू हसून म्हणायचीस, "काप बाई, माझं काय अडतंय!"

काल सगळे खोके उपसले. एकच फोटो माझ्या कात्रीतून सुटलाय. त्यात मी तोंड वाकडं करून उभी आहे, आणि कोपऱ्यात तुझा धूसर, गुलाबी अंगठा आहे.

तो पहिल्या पानावर लावलाय. हे पत्र त्याच्याच मागे सरकवून ठेवीन. फोटोखाली पुष्कळ लिहिलं आणि खोडलं. शेवटी अंगठ्याकडे एक बाण काढला आणि एवढंच ठेवलं: "ही तुझी आई."

तुझी,
धाकटी