काचेमागचं ऊन

पुंता अरेनास, चिलीचं दक्षिण टोक, ऑक्टोबर

तुझ्या लेकीला, योलांदाला, कुणी सांगितलं होतं माझ्या सुनेला फोन करायला? म्हणे, आईकडे उत्तरेला अरिकात, वाळवंटात, बारा महिने ऊन आहे, एक खाट रिकामी आहे, मावशीला धाडून द्या. मी काय लोकरीचा गठ्ठा आहे बोटीत चढवायला?

असो. थोरली बहीण एल्सिराताई हिला धाकट्या एतेल्विनाचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? माझे आहेत, छातीच तेवढी गेली. या हिवाळ्यात दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या खेपेला पाद्रीबाबाही येऊन बसले (कोकराचं कालवण संपेपर्यंत हलले नाहीत).

दवाखान्यातल्या डॉक्टरणीने, पोरगीच आहे ती, माझं रक्त तपासून सांगितलं की माझ्यात ड जीवनसत्त्व नावालाही नाही. ते उन्हातून मिळतं आणि छातीतल्या राखणदारांना जागं ठेवतं. बायकांच्या अंगातलं हार्मोन त्याला हातभार लावतं, पण पाळी गेली की तेही ओसरतं. घ्या! माझी पाळी गेली तेव्हा मी मारियामातेला मेणबत्ती लावली होती. जाताना ती राखणदारांनाही घेऊन गेली हे कुणाला ठाऊक? पुरुषांचं हार्मोन म्हणे राखणदारांना उलट पेंगवतं. म्हणजे आमचे हे एका शिंकेला खाट धरायचे ते सोंग नव्हतं तर. (आता कळून काय उपयोग, मी त्यांना तापातही लाकडं फोडायला लावली.)

मी म्हटलं, ऊनच हवं ना, अख्खा हिवाळा मी खिडकीशी बसून होते, मांजरासारखी. तर पोरगी हसली. "आजी, काचेतून ऊब येते, जीवनसत्त्व नाही. आणि आपलं हिवाळ्यातलं ऊन बाहेर बसून घेतलं तरी फुकटच."

म्हणून सप्टेंबरात थंडी सरल्यावर मी खुर्ची अंगणात नेली, बाह्या वर केल्या आणि बसले. नेमका त्या दिवशी उन्हाचा इशारा लाल, म्हणजे उघड्यावर बसूच नये असा. आपल्या आभाळाची तऱ्हा ठाऊक आहेच तुला, हिवाळ्यात ऊन देत नाही आणि देतं तेव्हा त्या ओझोनच्या भोकातून चटके देतं. शेजारीण कुंपणावरून हाका मारत होती, मला वाटलं जळतेय. जळत होतं माझं नाक, काठीला लावून आगीवर धरलेल्या कोकरासारखं. मग वाऱ्याने खुर्ची उचलली, आणि मी तिच्यातच होते. लेकाने मला कोबीच्या वाफ्यातून उभं केलं आणि तिथेच ठरवलं, आईची रवानगी अरिकाला.

डॉक्टरीण म्हणते, थेंब घेतले तरी भागेल. पण घरात ऐकतो कोण? सून माझ्या खोलीत नातवंडाचा पाळणा कुठे मावेल ते बघून गेली. मला इथून उठायचं नाही, ताई.

ता. क. माझ्या लेकाला खाट मोडली म्हणून कळव.

आणखी एक. आलेच तर, तू नेलेल्या आईच्या शिलाई मशीनचा विषय मी काढणार नाही (पहिला आठवडा).

आणि ती खाट खिडकीशी आहे का? खिडकी नीट उघडते का? हे तू स्वतः लिहायचं. योलांदाने नाही.