छकड्याचे पाल जगदेवीला

मी शिवप्पा वलद बसलिंगप्पा शेटे, राहणार मौजे बेंबळी, जिल्हा उस्मानाबाद, धंदा बाजारोबाजारी मीठ-मिरची विकणे, हा कागद स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मनाने लिहून ठेवतो. दाब कोणाचा नाही. शिक्षण दोन इयत्ता, तेही उर्दूत, म्हणून अक्षर वेडेवाकडे आहे. डोके शाबूत आहे, छाती नाही. दम्याने आडवे होता येत नाही, बसल्या बसल्या भलते विचार येतात, म्हणून हे काम पुढे ढकलत नाही.

कलम पहिले, घराचे. घर म्हणजे आता चार भिंती आहेत. मागल्या श्रावणात रझाकारांच्या धास्तीने आम्ही हद्द ओलांडून बार्शीकडे गेलो. दिवाळीला परतलो तेव्हा माळवदाची लाकडे कोणीतरी काढून नेली होती. कोणी नेली ते मला ठाऊक नाही आणि आता जाणून घ्यायचेही नाही. भिंती व आतली जागा थोरला मुलगा नागप्पा याला देतो. मात्र पूर्वेच्या भिंतीबाहेर छकडा उभा आहे ती जागा यात धरू नये. पुन्हा लिहितो, धरू नये.

कलम दुसरे. बैल, तागडी, वजने, मापे नागप्पाला. अडशेरीचे माप चेपले आहे, ते ठोकून घ्यावे. गिऱ्हाईक तोंडावर बोलत नाही, पण दुसऱ्या दुकानाला जाते. माझा मेहुणा गुरुसिद्धप्पा याला माझा नमस्कार आणि त्याहून जास्त काही नाही. कारण खाली आले आहे.

कलम तिसरे. छकडा, त्याला जोडलेले पाल आणि दोन्ही उभे आहेत ती जागा मी धाकट्या सुनेला, जगदेवीला, देतो. पूर्ण मालकीने देतो.

पाल मी घरी केले. बाजारच्या गावी मुक्काम पडला की पावसात मीठ पाझरायचे आणि मी छकड्याखाली कुत्र्याशेजारी झोपायचो. म्हणून शेंगांची पोती उसवून दाभणाने जोडली, वर जवसाचे तेल चोपडले. छकड्याच्या एका अंगाला लोहाराकडून कड्या मारून घेतल्या. कापडाची एक कड त्या कड्यांत आणि दुसरी कड पुढे रोवलेल्या वेळूंवर, एवढीच करामत. निघताना वेळू उपटायचे आणि गुंडाळी छकड्याच्या साट्यावर, म्हणजे बसायच्या फळ्यांवर, टाकायची. पहिल्या खेपेला उतार उलटा धरला, सगळे पाणी छकड्यात आले. माझी बायको नीलम्मा शेजारणींना सांगायची, की ह्यांना घरचं माळवद टोचतंय. पण सोनारीच्या जत्रेत वळीव आला तेव्हा सगळ्यांत आधी तीच आत शिरली.

बार्शीकडच्या छावणीत हेच पाल आमचे घर झाले. जगदेवी तिथेच बाळंत झाली. मुलगी झाली. घरची म्हैस मागे राहिली होती, ती आणतो म्हणून तिचा नवरा, माझा ईरण्णा, गावाकडे गेला तो अजून आलेला नाही. म्हैसही नाही. जगदेवी कुंकू लावते. कोणी तिला काही विचारू नये.

मग हगवणीने नीलम्मा गेली. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून, वेळूंचे विमान सजवून, त्यातून नेतात. छावणीत वेळूचा तुकडा मिळेना. मी पुरण्यापुरती जागा द्या म्हणून एका शेतमालकाच्या पाया पडायला गेलो होतो. तेवढ्यात गुरुसिद्धप्पाने पालाचे वेळू उपटले. जगदेवी म्हणाली, मामांना येऊ द्या. तो म्हणाला, "माझ्या भणीला गठुड्यावानी न्यायची व्हय? आमची माणसं राजावानी बसून जात्यात." नागप्पाने हात लावला.

बहीण त्याची होती, त्याचे दुःख मी नाकारत नाही. नीलम्मा खरोखर राणीसारखी गेली. विमानाचे वेळू परत घरी आणत नाहीत, ते खड्ड्यापाशीच राहिले. त्या दिवशी पाऊस लागला तो थांबेना. ओली बाळंतीण छकड्याखाली, दोन चाकांच्या मध्ये, पोरीला पोटाशी धरून बसली होती आणि साट्याच्या फळ्यांतून पाणी गळत होते. पोर त्याच आठवड्यात गेली. पाळणा व्हायचा होता, म्हणून इथे लिहायला तिचे नाव नाही.

पुढे वेळू मिळाले, आणि फाटलेली पोती जगदेवीने शिवली. आता ती त्यात राहते, चूल तिथेच आहे. नागप्पाचे म्हणणे, छकडा विकून लाकडे घेऊ आणि हिला माहेरी पाठवू. त्याचेही खोटे नाही, त्याची पोरे उघड्या भिंतींत झोपतात. पण हिच्या माहेरी फक्त भाऊ आहे, आणि तो एकदाही विचारायला आला नाही. माळवद घातले की नागप्पाला घर आहे. पाल गेले तर हिला काही नाही.

कलम चौथे, माझ्या देहाचे. गावात आजही वेळू नाहीत. जे आहेत ते पालाला आहेत. मी मेलो की सगळ्यांची नजर तिकडे जाणार, हे मला आत्ताच दिसते. म्हणून मला विमान करू नये. घोंगडीत बसवावे, चौघांनी चार कोपरे धरावेत आणि न्यावे. खड्ड्यात बसवूनच पुरावे, तेवढे पुरे. असे चालते का म्हणून जंगमस्वामींना विचारले तर ते नुसते हसले, म्हणून लिहून ठेवतो.

मृत्युपत्र माणूस पुरून आल्यावर वाचतात. तोवर वेळू उपटलेले असतील. ही धास्ती मला झोपू देईना, म्हणून आज गवाहांना बोलावून सगळा कागद नागप्पासमोर मोठ्याने वाचला. तो म्हणाला, "आप्पा, बापाला घोंगडीत नेलं म्हणून गाव मला जल्मभर बोलंल."

मी म्हणालो, "बोलू दे. तुला बोलणी बसतील, तिच्यावर पाऊस बसंल."

त्याने सही केली. तेव्हा जगदेवी भिंतीआडून म्हणाली, "मामा, असं नका करू. तुमच्यासाठी वेळू काढू द्या. दोन दिस मी कुठंबी बसंन."

तिचे हे म्हणणे मी या कागदाने नामंजूर करतो. तिने हात जोडले, रडली, स्वतः वेळू उपटून आणून दिले, तरी ते घेऊ नयेत. ते पुन्हा रोवावेत आणि मग मला उचलावे.

सही: शिवप्पा बसलिंगप्पा शेटे
वाचलेले ऐकले, कबूल: नागप्पा शिवप्पा शेटे
गवाह: हिंमतराव, शेजारी
गवाह: मार्तंड मास्तर

मुक्काम बेंबळी, माघ शुद्ध नवमी, शके १८७०, फसली सन १३५८