एकच गोधडी चालेल

विहीणबाईंना सप्रेम, आणि यंदा जरा ताठ मानेने, नमस्कार.

(मान ताठ असण्याला दुसरंही एक कारण आहे. सगळा हिवाळा खाली बघून शिवत बसल्याने ती आखडली आहे, आणि आमचे हे तेल चोळून देताना "बिजागरी गंजली" असं रोज म्हणतात. पण मी लिहिलं ते अभिमानानेच.)

तुमची प्रकृती उत्तम असेलच; तुमच्या घरात आजारपणालाही वेळ घेऊनच यावं लागत असणार. व्याह्यांचा गुडघा काय म्हणतो? थंडीत तो फार कुरकुरतो असं जावईबापूंकडून कळलं. त्यांना म्हणावं, जिने कमी चढा आणि गुडघा शेकत बसा. आमच्या ह्यांचे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत. त्यामुळे ते अजून माळ्यावर चढतात, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं. पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल राग नसावा. घर आवरत होते. (हे कारण अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं पत्राच्या तळाशी आहे, पण तुम्ही क्रमानेच वाचा. तुम्ही आयुष्यभर ग्रंथालय सांभाळलंत, तेव्हा शेवटचं पान आधी उघडणार नाही असा माझा विश्वास आहे.)

थंडी सुरू झाली तेव्हा आपल्या दोघींना एकाच दिवशी फोन आला होता, आठवतं? आमची लेक, म्हणजे तुमची सूनबाई, म्हणाली होती की घर दोन खोल्यांचं, कपाट एक, येणारं बाळ एक, तेव्हा गोधडीही एकच चालेल, कोणाची ते दोघी आज्यांनी मिळून ठरवा. त्यावर आपण दोघींनी एकमेकींना किती वेळ "तुमचीच असू दे", "छे छे, तुमचीच" असं म्हटलं! तुम्ही काय मनात धरून म्हणालात ते तुम्हाला ठाऊक. मी फोन ठेवला आणि थेट कात्री शोधायला गेले. आता लपवून काय उपयोग? बाळाच्या अंगाखाली पहिली गोधडी माझीच असावी, एवढी एकच इच्छा या वयात माझ्या मनात होती, आणि त्यात तुमच्यापुढे हरायची माझी तयारी नव्हती.

तर, कात्री सापडेना. आमच्या घरात चार-पाच कात्र्या आहेत असं मी ठामपणे सांगू शकते, कारण दरवेळी सापडत नाही म्हणून मी नवी आणलेली आहे. शोधताना काय काय मिळालं म्हणून सांगू! कापड नसलेली छत्री मिळाली. छत्री नसलेलं कापड मिळालं. (दोन्ही एकाच छत्रीचे नव्हेत.) एका काडीचे तीन चष्मे, झाकणांचा डबा, त्या डब्याचं मात्र झाकण नाही, आणि बरण्यांवर बरण्या भरून किल्ल्या. तुम्हाला माहीतच आहे, ह्यांचा जन्म कुलपं दुरुस्त करण्यात गेला. दुकान बंद करून वर्षं लोटली, पण किल्ली टाकू म्हटलं की हे बरणी छातीशी धरतात. उद्या कोणी कुलूप घेऊन आलं तर, म्हणतात. अहो, आजवर कोणी आलं का? तेव्हा मला तुमचे शब्द आठवले. गेल्या खेपेला तुम्ही आमच्या बैठकीच्या खोलीत दाराशीच थांबून, सगळीकडे नजर फिरवून, "सामान बरंच आहे, नाही?" असं म्हणाला होतात. तुम्ही सहज म्हणालात. पण ते "बरंच" माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. मी ठरवलं की कात्री मिळेपर्यंत घर आवरायचं आणि मिळाली तरी थांबायचं नाही.

पद्धत सोपी ठेवली. एक ढीग ठेवायचा, एक द्यायचा, एक टाकायचा. मी दिवसभर टाकायच्या ढिगात भर घालायची, आणि मी भांडी घासायला वळले की हे पाय न वाजवता तिथून वस्तू उचलून ठेवायच्या ढिगात नेऊन घालायचे. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी मी भंगारवाल्याला बोलावून, हे केस कापायला गेलेले असताना, तीन पायांच्या खुर्चीसकट सगळं उचलून न्यायला लावलं. घर असं मोकळं झालं की बोललं की आवाज घुमायला लागला. संध्याकाळी हे आले ते विजयी मुद्रेने, डोक्यावर खुर्ची घेऊन. म्हणाले, "अगं, बाजारात अगदी आपल्यासारखी मिळाली! आता जोडी झाली." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची उलटी करून तिच्या तुटक्या पायावर स्वतःच मारलेला खिळा ओळखला, आणि तिच्यावर न बसता बाजूला जमिनीवर बसले.

कात्री अखेर मिळाली (मी ज्या डब्यात गोधडीचं कापड ठेवणार होते त्याच डब्यात) आणि खरं काम सुरू झालं. विहीणबाई, आता मी जे सांगते त्यात बढाई आहे, ती बढाई म्हणूनच वाचावी. ह्यांच्या निळ्या डगल्याचे चौकोन केले, खिशाची शिवण तशीच ठेवून, म्हणजे बाळाला बोट घालायला जागा. लेकीचा शाळेतला हिरवा झगा घेतला. माझा लाल कोट घेतला, ज्यात मी एके काळी बरी दिसत असे. बैठकीचे जुने पडदे काठाला लावले. आणि तुम्ही लग्नात दिलेला तो पिवळा टेबलक्लॉथ मानाने अगदी मधोमध घेतला. (इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच वापरात आला.) मधल्या थराला काहीतरी मऊ हवं होतं. ह्यांना माळ्यावर चढवलं, तर उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक जुनी, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली लहानशी गोधडी निघाली. कोणाची म्हणून विचारलं, तर हे वरूनच म्हणाले, "आपलीच असेल." हे प्रत्येक वस्तूबद्दल असंच म्हणतात, भंगारात दिलेल्या खुर्चीबद्दल सोडून. माप आयतंच मिळालं. तिचे टाके बरे होते, पण गरजेपेक्षा जरा जास्तच बारीक. शिवणारणीला दुसरं काम नसावं. मी तिला वरून माझे तुकडे आणि खालून पांढऱ्या चादरीचं अस्तर लावून आत पुरती बंद करून टाकली.

शिवणं मला येत नव्हतं हे कबूल करते, पण येत नाही म्हणून थांबणाऱ्यांतली मी नाही. पहिल्याच आठवड्यात गोधडीबरोबर माझ्या अंगातला झगाही शिवला गेला. नेमकी त्याच वेळी दारावरची घंटा वाजली आणि मी गोधडीसकट उठून दार उघडलं. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाई होत्या. त्यांनी खालीवर पाहिलं आणि नवीन पद्धतीचा पोशाख दिसतोय, म्हणाल्या. मी हो म्हटलं. (झाकली मूठ सव्वा लाखाची.) पण हिवाळा सरता सरता हात असा बसला, की त्याच बाई चष्मा लावून टाके बघून गेल्या आणि म्हणाल्या, ओळ उत्तम आहे, तरी माझ्या पेशंटच्या हिरडीला मी तुम्हाला हात लावू देणार नाही. टाके घालणाऱ्या बाईकडून आलेली ही शाबासकीच समजायची. डोळ्यांना सुईचं नेढं दिसेना तेव्हा हे दोरा ओवून द्यायला बसू लागले. किल्ल्या घासणारे हात, पण दोरा पहिल्या फटक्यात ओवतात! लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हा गुण मला आता कळला.

आता खरी गोष्ट सांगते. गोधडी पुरी झाली त्याच रविवारी जावईबापू (म्हणजे तुमचे चिरंजीव) एकटेच आले होते. बाळाच्या काळजीने हल्ली त्यांना झोप येत नाही, असं लेक सांगतच होती. चहा घेता घेता मी सहज गोधडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी तिच्यावर हात फिरवला, एक कोपरा मुठीत धरला, आणि अहो, पेला हातातून घ्यायलाही मला उसंत मिळाली नाही! बसल्या जागी गाढ झोप. तोंड उघडं, कोपरा हनुवटीखाली. संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. मी आणि हे समोर बसून नुसते बघत होतो. ज्याला आठवडे झोप नाही त्या माणसाला माझ्या गोधडीने असं निजवलं! मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि मी त्याच क्षणी मनात तुम्हाला पत्र लिहायला घेतलं. तेव्हा विहीणबाई, गोधडी कोणाची हा प्रश्न आता उरला नाही, असं मी नम्रपणे कळवते. तुम्ही मनाला लावून घेऊ नये. तुमच्याकडून बाळाला टोपडं चालेल.

घरात आता एकही अनावश्यक वस्तू नाही. तुम्ही कधीही या आणि दाराशी थांबून हवं तितका वेळ बघा.

व्याह्यांना नमस्कार, गुडघ्याला आराम.

तुमची,
विहीण

ता. क. जावईबापू जागे झाले, डोळे चोळले, आणि त्यांनी विचारलं, "आई, मी माळ्यावर ठेवलेली ती गोधडी कुठाय? माझ्या आईनं बाळासाठी दिलीय. मी लहानपणी तिच्याशिवाय झोपत नसे. आमच्याकडे ओल येते म्हणून इथे ठेवली, बाबांना सांगितलं होतं." बाबांना सांगितलं होतं! बाबा त्या वेळी तोंडात स्क्रू धरून कुठलंसं कुलूप उघडत होते आणि त्यांनी "हं" म्हटलं होतं. मी जावईबापूंना म्हटलं, आहे, अगदी जवळ आहे, काळजी नको. खोटं नाही बोलले. काखेत कळसा म्हणतात तशी ती त्यांच्या अंगावरच होती.

ता. क. दुसरा. वर मी टाक्यांबद्दल जे लिहिलं ते खोडून वाचावं. ते गेल्या खेपेच्या "बरंच"च्या बदल्यात होतं. टाके सुंदर आहेत. मला माहीत आहे, कारण जावईबापू गेले तसा मी अस्तराचा कोपरा उसवून पाहिला, आणि मग सगळी रात्र झोप नाही. माझ्या गोधडीने तुमच्या मुलाला निजवलं नव्हतं, विहीणबाई. तुमच्या गोधडीने निजवलं. हे म्हणाले, कोणाला कळणार आहे, शिवून टाक. पण मला कळलं होतं ना. म्हणून मी हिवाळाभर घातलेले टाके एकेक करून उसवले, पांढरं अस्तर काढून फेकलं, आणि दोन्ही गोधड्या पाठीला पाठ लावून नव्याने शिवल्या. पत्राला उशीर झाला तो यामुळे. माझी सुई तुमच्याच टाक्यांच्या वाटेने नेली आहे, त्यामुळे या वेळी ओळी खरोखर सरळ आल्या. आता एका बाजूला तुमची, एका बाजूला माझी, आणि मोजायला गेलं तर गोधडी एकच. पोरीची अट तंतोतंत पाळली.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. मुलांनी विचारलं तर कृपा करून म्हणावं, की हे आम्हा दोघींचं पहिल्यापासून ठरलं होतं. फोनवर "तुमचीच असू दे" म्हणत होतो तेव्हाच ठरलं होतं. मी एकटीने म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. तुमच्या शब्दाला वजन आहे. तुमच्या मुलाचं लहानपण मी न विचारता आत कोंडून टाकणार होते, त्याची मला लाज वाटते. तेवढं पदरात घ्या.

ता. क. शेवटचा. याल तेव्हा मागची खोली मात्र उघडू नका. तिथे ती खुर्ची, आणि ह्यांनी भंगारवाल्याकडून परत आणलेल्या सगळ्या किल्ल्या आणि बिनकापडाची छत्री आहे. गोधडी बरीच जड झाली आहे, बाळाला पांघरता येणार नाही, खालीच अंथरावी लागेल. कोणती बाजू वर, यावर मात्र मी माघार घेणार नाही आणि तुम्हीही घेऊ नका. रोज आलटून पालटून घालू, आणि बाळ जिची बाजू पहिल्यांदा ओली करील ती आजी जिंकली.