रांगोळीतला फ्रिज

निकिताताई,

छकुलीला डोस द्यायला दवाखान्यात नेतेय, दुपारपर्यंत येईन. दहाला ट्रॉलीवाले मिस्त्री मापं घ्यायला येतील. तोवर स्वयंपाकघर झाडू नका. पहाटे छकुली झोपली होती तेवढ्यात मला सगळा नवा ओटा, कपाटं डोळ्यांसमोर दिसायला लागली, म्हणून फरशीवर रांगोळीनंच आखून ठेवलंय.

मसाल्याचं कपाट गॅसच्या डावीकडं घेतलंय. तुम्ही डावखुऱ्या. इतकी वर्षं उजवीकडं वळून वळून फोडणी टाकताय, कधी बोलला नाहीत. डब्यांच्या कपाटाची रेघ फिसकटलीय, तिथनं छकुली उठल्या उठल्या रांगत गेली.

खिडकीजवळचा मोठा चौकोन फ्रिजचा, दोन दारांचा. परवा मिस्त्री म्हणाले, "माणसं किती, त्याच्यावर फ्रिज ठरतो. दोघी जावा एकत्रच ऱ्हाणार न्हवं?" तुम्ही चहा गाळत राहिलात, मी कपबशा मांडत राहिले. मोठ्या भाऊजींनी लोणी गावात त्यांच्या कंपनीजवळ खोल्या बघितल्यात, हे मला आत्याबाईंकडनं कळलं. तुम्ही सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

अर्धवट झोपेत मला तो फ्रिज उघडा दिसला. दार धरून छकुली उभी राहिलेली, आणि आतल्या उजेडात तुम्ही तिला बोटानं साय चाटवताय.

जायचं ठरलंच असेल, तर मोठ्या चौकोनात लहान फ्रिजचा चौकोन तुम्हीच काढा. रांगोळीचा डबा ओट्यावर आहे. मी दोनदा चिमूट भरली, पण माझ्याच्यानं ती रेघ ओढवेना.

श्रेया