गाळा तेजलचा, पदव्या बाकीच्यांच्या

मी, नवसाबाई पुंजाराम गायखे, वय एकाहत्तर, राहणार नाशिक रोड, हे मृत्युपत्र स्वखुशीने व शुद्धीवर असताना करत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझा मुलगा ललित एम.ए., बी.एड. आहे. त्याच्या मते नातीला दुकान देणारी बाई शुद्धीवर असूच शकत नाही.

१. देवळाली कॅम्प रस्त्यावरचा गाळा माझा, स्वकष्टार्जित आहे. तिथे जळालेल्या मोटरी भरल्या जातात. म्हणजे आतली करपलेली तार काढून नवी गुंडाळतात व तिला वार्निश पाजतात. पती वारल्यावर हे काम मी केले. त्यावर ललित शिकला. मग त्याला गाळ्यातल्या वार्निशचा वास सोसेना. शिक्षणाने नाक तीक्ष्ण होते.

२. हा गाळा हत्यारांसकट ललितची मुलगी तेजल हिला द्यावा. ती आयटीआय झाली आहे व आज गाळा तीच चालवते. ललितला तो विकून तिला खासगी विद्यापीठात घालायचे आहे. कोणत्या विषयाला, असे मी विचारले. "विषय मागाहून बघू, आई. आधी पदवी तर होऊ दे."

३. राहते घर ललित व सूनबाई शुभांगी यांना. याच घरात मार्चमध्ये तेजलला बघायला पिंपळगावचे भिमाजी निफाडे मुलाला घेऊन आले. वार्निशचे डाग झाकायला शुभांगीने आदल्या दिवशी पोरीचे हात कोपरापर्यंत मेंदीने भरले होते. पाहुणे चहा घ्यायचे थांबले.

"पोरीचा साखरपुडा झालाय का कुठं?" भिमाजींनी विचारले.

"नाही काका. वार्निश झाकलंय," तेजल म्हणाली.

"बायोडाटात तर इंजिनिअर लिहिलंय."

"ते पप्पांनी लिहिलंय. मी मोटरी भरते."

"लय भारी!" मुलगा म्हणाला. बापाने त्याच्याकडे पाहिले व सगळे उठले. पुढच्या आठवड्यात भिमाजींच्या विहिरीवरची मोटर टेम्पोतून आमच्या गाळ्यावर आली. मोटरीच्या बाबतीत त्यांना पदवीची अट नव्हती.

४. नातू स्वराज, तेजलचा भाऊ, बी.ई. असून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. तयारी उत्तम आहे. परीक्षेला ती झेपत नाही. बँकेतली ठेव त्याला द्यावी. त्याला गाळ्यावर यावेसे वाटले तर तेजलने शिकवावे. तिथे त्याने तिला 'तेजू' म्हणू नये. मिस्त्री म्हणावे.

५. पाटीवर अजून पतीचेच नाव आहे. ते गेल्यावर गिऱ्हाईक मला विचारायचे, "मिस्त्री कुठंय?" मी सांगायचे, "जेवायला गेलेत." काही वर्षे ते जेवतच होते. ती पाटी उतरवून तेजलचे नाव लिहावे. ललितला नावापुढे काही जोडायचे असल्यास त्याने स्वतःच्या दारावर जोडावे.

६. मी शिक्षणाच्या विरुद्ध नाही. पाहुण्यांना दाखवायला शिकण्याच्या विरुद्ध आहे. तेजलला उद्या खरोखरच कॉलेजात जावेसे वाटले, तर तिने अवश्य जावे. जाताना गाळ्याची किल्ली बापाकडे देऊ नये.

हे सर्व मी स्वतः वाचले व दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

नवसाबाई पुंजाराम गायखे

साक्षीदार:
१. डॉ. रोहिणी आहेर (दाखला यांचाच)
२. केरू सानप, शेजारचे पंक्चरवाले

नाशिक रोड, १२ ऑगस्ट २०२५