लूमवाल्यांपुढे उडवलेलं फुलपाखरू

प्रिय दादा,

काल तुझं तेरावं झालं. पाहुणे गेल्यावर वहिनीने मला एक प्रश्न विचारला. तिला उत्तर देऊन बसले, पण खरं काय ते तुलाच सांगायला पाहिजे, म्हणून लिहिते.

कसलं वेड रे तुझं! दिवसभर पावरलूम, आणि घरी आलास की मोबाईलवर जपानच्या टीव्हीवरचे जादूगार. भाषेचा एक शब्द कळायचा नाही. कोपऱ्यातल्या चौकटीत बघणाऱ्यांची तोंडं दिसायची, ते सगळे "एऽऽऽ!" ओरडायचे, की तू पण ओरडायचास. आई म्हणायची, "ह्याचं डोकं फिरलं."

तिथले जादूगार हातपंख्याच्या वाऱ्यावर कागदाचं फुलपाखरू उडवतात, ते तू बारीक सुताला बांधून सहा महिने बसवलंस. आणि दाखवलंस कोणाला? गणपतीत, आपल्याच मोहल्ल्याला! अरे वेड्या, जन्मभर तुटका धागा शोधणारी माणसं ती. लूमचं सूत त्यांना दिसणार नाही का?

पण सगळ्यांच्या आधी ओरडले मीच. "दादा, धागा दिसतोय!" अख्खा मंडप हसला. तूही हसलास, पंखा मिटलास आणि खाली उतरलास. परत कधी स्टेजवर गेला नाहीस.

"चिडलास का?" विचारलं, तर म्हणालास, "नाही गं. तिकडे पण लोकांना माहीत असतं, धागा आहे म्हणून. तरी मजेत बघतात." तेव्हा माफी मागायला माझं काय जात होतं? उलट वर्षानुवर्षं चिडवत राहिले तुला.

मग गेल्या महिन्यात तुझा फोन. "बेबी, रविवारी ये. एक चीज बसवलीये. ह्या वेळी तू पकडूनच दाखव!" मी म्हटलं, इथे आमच्या दापोऱ्यात केळीची कटाई चालू आहे, पुढच्या रविवारी बघू. पुढच्या रविवारीही तेच. दापोऱ्याहून बुऱ्हाणपूर काय लांब आहे रे? सकाळी येऊन संध्याकाळी परतले असते! आणि मंगळवारी लूमवरच तुझ्या छातीत कळ आली. थांबायचं होतंस ना थोडं. एवढी कसली घाई?

वहिनी म्हणाली, "मलाही नाही दाखवली हो ह्यांनी. आधी बेबीला, म्हणायचे. त्या शेवटच्या रविवारी मी माहेरी होते. आल्यावर विचारलं, ताई आल्या होत्या का, तर नुसते हसले. ताई, दाखवली ना तुम्हाला?"

मी आले नाही, हे तू तिलाही सांगितलं नाहीस!

मी हो म्हणाले, दादा. म्हटलं, "दाखवली. मला काहीच पकडता आलं नाही." इतके दिवस कोरडी बसलेली वहिनी माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "बरं झालं. जिंकले मग ते."

काय होतं रे ते? आता मला कोण सांगणार?

उद्या तीच विचारेल, काय दाखवलं म्हणून. मी रचेन काहीतरी, आणि दरवेळी तेच सांगेन. वहिनीला मरेपर्यंत कळू देणार नाही, हे माझं वचन.

तुझी,
उशीर केलेली बेबी